‘रूम तर तुमच्याच होत्या ना, मग पैसे कसले?’

“राहण्याचे पैसे नातेवाइकांकडून मागितले तर आम्ही हिशोबी ठरतो आणि नाही मागितले तर मनात सलत राहतं. करायचं काय?” दिवाळीची किंवा मे महिन्याची सुट्टी संपली की हा प्रश्न माझ्याकडे समुपदेशनात हमखास येतो. हॉलिडे क्लबची मेंबरशिप (एकदा पैसे भरून दरवर्षी ठरावीक रात्री क्लबच्या रिसॉर्टमध्ये राहण्याची सोय) असलेल्या घरांतून तर जास्तच. त्यातल्याच एका कुटुंबाची गोष्ट, ओळखीच्या खुणा पुसून आणि त्यांना विचारून, सांगते.

आल्या होत्या त्या घरच्या थोरल्या सूनबाई. नवऱ्याने २५ वर्षांची मेंबरशिप साडेतीन लाखांना घेतलेली, वर्षाला ७ रात्री. शिवाय वार्षिक शुल्क, जीएसटी धरून २१,००० रुपये. फिरायला जा नाहीतर घरी बसा, ते भरायचंच. दिवाळीत त्यांनी सगळ्यांना महाबळेश्वरला बोलावलं. “या हो, आपली मेंबरशिप आहेच की!” बेडरूम आणि हॉल असलेली दोन अपार्टमेंट, ३ रात्री; म्हणजे वर्षाच्या ६ रात्री खर्ची पडल्या. एकात हे दोघं आणि त्यांची दोन मुलं. दुसऱ्यात बेडरूममध्ये दीर, जाऊ आणि त्यांचं तान्हं बाळ. हॉलमधल्या सोफा-कम-बेडवर नणंद आणि सासूबाई.

घरी परतल्यावर नवऱ्याने फॅमिली ग्रुपवर हिशोब टाकला. त्या तारखांचा ऑनलाइन दर रात्रीला ११,००० होता, म्हणून ६६,००० भागिले तीन भावंडं, प्रत्येकी २२,०००. दिराने लिहिलं, “दादा, रूम तर तुमच्याच होत्या ना, मग पैसे कसले?” नणंदेने काही न बोलता लगेच पैसे पाठवले आणि त्यानंतर ग्रुपवर एक अक्षर लिहिलं नाही.

सूनबाईंना दिराचं बोलणं लागलं होतं. मला मात्र नणंदेचं गप्प होणं जास्त खटकलं. बोलणारा माणूस भांडून का होईना, समोर असतो.

पुढच्या भेटीला नवराही आला. त्याचं दुखणं वेगळंच निघालं. “मेंबरशिप घेतली तेव्हा सगळे म्हणाले, फसलास. पाच वर्षं हप्ते मी फेडले. आता सगळ्यांना फुकट हवंय.” म्हणजे त्या २२,००० मध्ये खोलीभाड्याबरोबर जुना टोमणाही वसूल होत होता. मी त्याला विचारलं, “‘या हो’ म्हणताना पैशांचं काही बोलला होतात?” नव्हता बोलला. आपल्याकडे ‘या हो’ म्हणजे यजमानाचं आमंत्रण. वर्गणी काढून जायचं असेल तर ते निघण्याआधी सांगावं लागतं. दिराचे शब्द उद्धट होते, पण त्याने लावलेला अर्थ चुकीचा नव्हता.

मग कागदावर आकडे मांडले. साडेतीन लाख भागिले २५, वर्षाला १४,०००. त्यात शुल्क मिळवलं की ३५,०००, म्हणजे एक रात्र ५,००० रुपयांना पडते. नुसतं शुल्क धरलं तर ३,०००. माझं मत स्पष्ट आहे: मेंबरशिपची मूळ किंमत भावंडांवर घालू नये. तो निर्णय या जोडप्याचा होता आणि उरलेली वर्षं त्याचा उपभोगही तेच घेणार आहेत. शुल्कातला वाटा मागणं अगदी रास्त. ११,००० चा दर मागायला कायद्याने अडत नसेलही (क्लबचा करार मात्र वाचावा, नफा घेऊन खोली द्यायला त्यात मनाई असू शकते), पण तो आधी कबूल झालेला हवा.

तर ६ रात्रींचे १८,०००. यांच्या अपार्टमेंटचे ९,००० यांचेच. दुसऱ्या अपार्टमेंटच्या ९,००० मध्ये बेडरूमचे दोन भाग आणि हॉलचा एक. म्हणजे दिराकडे ६,००० आणि हॉलचे ३,०००. हॉलमधला सासूबाईंचा अर्धा हिस्सा तिघा मुलांनी वाटून घ्यायचा, डोई ५००. बेरीज आली थोरल्याची ९,५००, दिराची ६,५०० आणि नणंदेची २,०००. तिने दिले होते २२,०००! जेवणाचं बिलही तीन समान भागांत कापलं होतं. चार ताटांचं घर आणि एका ताटाची बहीण, वाटा सारखाच. नवरा बराच वेळ त्या कागदाकडे बघत राहिला.

पैसे परत करायला ते दोघं तिच्या घरी गेले. मीच सुचवलं होतं की ऑनलाइन पाठवू नका. ती म्हणाली, “दादा, पैशांचं नाही रे. एकटी आहे म्हणून हॉलमध्ये मीच झोपायचं, हे तुम्ही सगळ्यांनी न विचारता ठरवून टाकलंत.” यावर कुठला हिशोब काढणार? ‘ती काय, कुठेही झोपेल’ हे बहुतेक घरांत गृहीत असतं, आणि ते ऐकून घेण्यासाठी एका सत्रात तिलाही बोलावलं. दिराने स्वतःच्या गाडीचं पेट्रोल आणि टोल पुढे केला. तो वजा करून बाकी मिटली.

मे महिन्यासाठी सूनबाईंनी बुकिंगच्या आधीच ग्रुपवर लिहिलं: “नव्या वर्षाच्या ७ रात्रींपैकी ४ ठेवल्या आहेत. रात्रीला ३,००० प्रमाणे वाटणी, जेवण ज्याचं त्याने. बेडरूम आई आणि ताईंना. शुक्रवारपर्यंत कळवा, नाही जमलं तरी चालेल.” मजकूर त्यांनी माझ्यासमोर तीनदा खोडून लिहिला होता, शेवटचं वाक्य टाकायला त्यांना सगळ्यात जड गेलं. नणंदेचा होकार लगेच आला. दिराने कळवलं, यंदा जमणार नाही. सूनबाईंना वाईट वाटलं, पण त्यांनी ‘बरं’ एवढंच लिहिलं आणि एकच अपार्टमेंट बुक केलं.