अलीकडे बघितलेले कॉमेडी आणि भुताचे सिनेमे तुम्हाला कसे वाटले?

मी नाशिकमध्ये सातपूरला नोकरी करते, आमची सुट्टी शनिवारी, त्यामुळे शुक्रवारी रात्री जेवणं उरकली की घरात सगळ्यांना काहीतरी हसवणारं नाहीतर घाबरवणारं लावायचं असतं, तिसरा प्रकार आमच्याकडे फारसा चालत नाही. म्हणून तुम्ही विचारलंय त्या दोन्ही प्रकारांबद्दल भरपूर बोलू शकते.

एवढं सगळं बघून माझं एक मत पक्कं झालंय, भुताला नियम पाहिजे. ते कुठवर येऊ शकतं, त्याला काय हवंय, कशाने थांबतं, हे सिनेमाने एकदा सांगितलं की मग शेवटपर्यंत पाळायचं. नियम पाळला की मला खरंच भीती वाटते, आणि मधेच सोयीप्रमाणे मोडला की माझं लक्षच उडतं, मग कितीही मोठा आवाज करा.

सगळ्यात आधी 'तुंबाड'. २०१८ ला आला तेव्हा बघायचा राहिला होता, सप्टेंबर २०२४ ला परत थेटरात लागला तेव्हा सिटी सेंटर मॉलला जाऊन बघितला. पहिल्यापेक्षा दुसऱ्या वेळेला जास्त कमाई केली त्याने आणि ते अगदी बरोबर झालं, हा सिनेमा मोठ्या पडद्याचाच आहे, तो पाऊस, तो वाडा, ते सगळं मोबाईलवर मावतच नाही. यात हस्तर नावाच्या लोभी देवाची गोष्ट सुरुवातीलाच सांगून टाकतात. त्याला सोनं पण हवं होतं आणि धान्य पण, सोनं मिळालं, धान्याकडे वळला तर बाकीचे देव तुटून पडले, आईने वाचवून पोटात ठेवला पण धान्य कायमचं बंद. म्हणजे जन्माचा उपाशी आणि कंबरेला सोन्याच्या मोहरा. मग सिनेमाचा नायक विनायक काय करतो, दोर लावून खाली उतरतो, पिठाचं रिंगण आखतो, आत बसतो, कणकेची बाहुली काढतो, हस्तर तिच्यावर झडप घालतो तेवढ्यात त्याच्या लंगोटातून मोहरा ओढून घ्यायच्या आणि वर पळायचं. पिठाच्या रेषेच्या आत त्याला येता येत नाही. झालं, एवढेच नियम, पाच मिनिटात कळतात.

आणि एकदा ते कळले की मग दिग्दर्शकाला वेगळं घाबरवावंच लागत नाही, आपली नजर आपोआप त्या पिठाच्या रेषेवर जाऊन बसते की कुठे पुसली तर गेली नाही ना. आमच्या पुढच्या रांगेत कॉलेजची पोरं होती, इंटरव्हलपर्यंत अखंड बडबड चाललेली, पण ज्या सीनमध्ये विनायक पोराला पहिल्यांदा सोबत खाली नेतो तिथे पॉपकॉर्नचा आवाजसुद्धा थांबला. शेवट बघितला नसेल तर पुढचं एक वाक्य सोडून द्या: तो मुलगा जी शक्कल काढतो, की एकच कशाला, भरपूर बाहुल्या नेऊया, ती त्याच नियमातून निघते आणि त्याच नियमाने अंगावर येते. लोभ वाईट असं कुणी भाषण देत नाही, हिशोबच तसा लागतो. अजून एक गोष्ट मला नंतर कळली, तो मुलगा झालेला मोहम्मद समद, त्यानेच ती म्हातारी आजी पण केलीय, तोंडावर सगळा मेकअप चढवून. मी परत जाऊन तेवढे सीन बघितले, तरी ओळखता येत नाही.

यावरून आठवलं, आपल्या पांडवलेणीच्या पायथ्याशी फाळके स्मारक आहे ना, तिथे सगळेजण बागेत फिरायला जातात पण दादासाहेबांचे सिनेमे कुणी बघत नाही. त्र्यंबकेश्वरला जन्मलेला माणूस, त्यांनी १९१९ च्या 'कालिया मर्दन' मध्ये स्वतःच्या मुलीला, मंदाकिनीला, कृष्ण केलं होतं. त्याचे तुकडे नेटवर मिळतात, जरूर बघा, सुरुवातीला नुसते तिच्या चेहऱ्यावरचे हावभाव दाखवलेत आणि मग ती नागाशी झुंज. नाग खोटा आहे हे आज लगेच कळतं, पण पोरगी खरी आहे, म्हणून शंभर वर्षांनी पण बघवतं. भुताच्या सिनेमात मला हेच लागतं, समोर खरं माणूस पाहिजे.

म्हणूनच 'मुंज्या' (२०२४) मला अर्धा खूप आवडला आणि अर्धा ठीक वाटला. तो आम्ही सासूबाईंसोबत बघितला, त्या मूळच्या सिन्नरकडच्या, मुंज झाली आणि सोडमुंज व्हायच्या आत मुलगा गेला तर तो मुंजा होतो आणि पिंपळावर राहतो हे त्यांना कुणी समजावून सांगायची गरजच नव्हती. त्यांच्या गावाला तिन्हीसांजेला पोरांना पाराकडे जाऊ देत नसत. सुरुवातीचा कोकणातला भाग, ते झाड, तो हट्टी पोरगा, सुहास जोशींची आजी, हे सगळं त्या एकदम सरळ बसून बघत होत्या. सिनेमा हिंदी असला तरी दिग्दर्शक आदित्य सरपोतदार आपला माणूस आहे, 'झोंबिवली' त्याचाच, त्यामुळे घरातली बोलणी, देवघर, आजी-नातवाची जवळीक, कुठे खोटं वाटत नाही. भुताला काय पाहिजे तेही पक्कं, लग्न. पण मग तो कॉम्प्युटरवर केलेला मुंज्या इतका जास्त दाखवलाय, इतका बडबडतो, उड्या मारतो, की शेवटच्या अर्ध्या तासात भीती पार गेली. सासूबाई म्हणाल्या, "एवढा दिसतो तो मुंजा कसला, मुंजा असा दिसत नसतो." मला तर हे कुठल्याही रिव्ह्यूपेक्षा नेमकं वाटलं.

'स्त्री २' ला थेटरात हसून हसून पोट दुखलं हे खरं, पंकज त्रिपाठी नुसता उभा राहिला तरी हसू येतं. पण पहिल्या 'स्त्री' मध्ये भिंतीवर त्या भूत बाईला उद्या ये म्हणून लिहून ठेवायचे आणि ती बिचारी वाचून परत जायची, ती बाई माणसाला नेते आणि मागे कपडे तेवढे राहतात, इतकं साधं आणि इतकं भारी होतं ते. दुसऱ्यात सरकटा, म्हणजे मुंडकं नसलेलं भूत, आला, वेणी आली, भेडिया आला, कुणाची ताकद किती हे शेवटी मला कळेनासंच झालं. मग ती मारामारी होते, भीती राहत नाही.

खऱ्या भीतीसाठी मराठीतच बघायचं तर 'लपाछपी' (२०१७). दिग्दर्शक विशाल फुरिया, पूजा सावंत, आणि उषा नाईक, ज्यांनी त्या घरातली बाई अशी केलीय की त्यांनी प्रेमाने काही विचारलं तरी नको वाटतं. हिंदीत याचाच 'छोरी' झाला, पण आधी मराठी बघा. यात मला आवडलं ते म्हणजे भर दुपारची भीती. लख्ख ऊन, चहूबाजूंनी डोक्याच्या वर गेलेला ऊस, आणि पोटुशी बाई एकटी, कुठल्या सरीतून बाहेर पडायचं ते कळत नाही. आमचे नातेवाईक निफाडकडे आहेत, त्यांच्या घरामागे उसाचं रान आहे, वारा आला की पाचट वाजतं तसा एक आवाज सतत येत असतो, कुणीतरी आत चालतंय असं वाटतं. ज्याने तो आवाज ऐकलाय त्याला हा सिनेमा दुप्पट लागतो. शिवाय त्यातलं भूत कशामुळे झालं ते कळतं तेव्हा भूत बाजूलाच राहतं आणि माणसांचा राग येतो, मुलगी नको म्हणून काय काय केलंय लोकांनी. मला त्या रात्री झोप लागली नाही ती याच्यामुळे.

मल्याळममधला 'भ्रमयुगम' (२०२४) पण असाच. अख्खा ब्लॅक अँड व्हाइट, मोडकळीला आलेला वाडा, बाहेर पाऊस, आणि मुख्य माणसं तीनच. मामूट्टी त्या पाहुण्याला फासे खेळायला बसवतो आणि पणाला काय लावायला लावतो, तर त्याचा वेळ. पाहुणा हरतो, मग जाणार कुठे? एका नियमावर अख्खा सिनेमा उभा आहे. सबटायटल वाचावी लागतात म्हणून सोडू नका, मामूट्टी जेवताना दाखवलाय तेवढं बघायला तरी लावा. 'शैतान' मध्ये पण तेच आहे, ढाब्यावर भेटलेल्या अनोळखी माणसाने काहीतरी खाऊ घातलं आणि तिथून पुढे मुलगी त्याचंच ऐकते. मूळ गुजराती 'वश' जास्त अंगावर येतो. दोन्हीकडे मुलीचं काम जानकी बोडीवालाचंच आहे आणि 'वश' साठी तिला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला.

आता कॉमेडी. इथे पण माझं म्हणणं जवळजवळ तेच आहे, पात्र खरंच अडचणीत पाहिजे आणि आपण विनोदी आहोत हे त्याला माहीतच नसलं पाहिजे. 'वाळवी' (२०२३) बघा, परेश मोकाशींचा. नवरा आणि त्याची मैत्रीण मिळून बायकोचा काटा काढायचा अगदी बारीकसारीक प्लॅन करतात, आणि पहिल्याच दिवशी तो असा फिसकटतो की पुढची सगळी धावपळ नुसती निस्तरण्यातच जाते. एकही जण जोक मारत नाही, सगळे घामाघूम झालेत, आणि आपण हसतोय. बायको झालेली अनिता दाते आपल्या नाशिकचीच, तिचं काम बघून मला फार अभिमान वाटला. खरं तर यात प्रेतं आहेत, खून आहे, हा भयपट पण होऊ शकला असता, एवढा पातळ पडदा आहे मधे.

'नाच गं घुमा' मधला पहिला तास पण असाच, मुक्ता बर्वे घड्याळाकडे बघतेय, डबे व्हायचेत, ऑफिसला पोचायचंय आणि कामवाली झालेली नम्रता संभेराव अजून आलेली नाही. नोकरी करणाऱ्या कुठल्याही बाईला विचारा, यापेक्षा मोठा थरार नसतो! पुढे जरा रडारड वाढते, चालतं. 'मडगाव एक्सप्रेस' मध्ये बॅगा बदलतात, पोरं ड्रग्जच्या भानगडीत अडकतात, गोष्ट काही नवीन नाही, पण प्रतीक गांधीचा भित्रा पिंकू चुकून ती पावडर ओढतो आणि एकदम वाघ होतो तिथे आमच्या घरात सगळे सोफ्यावरून घसरले. छाया कदमची कांचन कोंबडी आणि तिची बायकांची गँग, तिच्यावर वेगळा सिनेमा काढला तरी मी पहिल्या दिवशी जाईन.

नाही आवडत ते टीव्हीच्या स्किटसारखे सिनेमे, प्रत्येक वाक्यानंतर टुंई करून आवाज टाकलेले, बायकोवर, जाडेपणावर, गावाकडच्या बोलीवर हसवणारे. नावं घेत नाही, तुम्ही पण बघितलेच असतील.

तुम्ही कुठून सुरुवात करू म्हणाल तर घरात लहान पोरं असतील तर 'मुंज्या' लावा, मोठीच माणसं असतील तर 'वाळवी' आणि 'लपाछपी' एकाच वीकेंडला, आधी 'लपाछपी'.