अंथरुणात नऊ तास, झोप मात्र पाच

'स्तनाच्या कॅन्सरचे उपचार संपून आठ महिने झाले, कॅन्सर परतू नये म्हणून टॅमॉक्सिफेनची गोळी चालू आहे. झोप पुरावी म्हणून ९ लाच आडवी होते. २ ला घामाने भिजून जाग येते, मग ६ पर्यंत घड्याळ बघत पडते. पुन्हा उलटला तर? दुपारी तासभर डुलकी लागते. बहीण तिच्या गोळ्या देतेय. घेऊ?'

ताई, बहिणीच्या गोळ्या नकोत. टॅमॉक्सिफेनचं प्रभावी रूप यकृतातल्या एका एन्झाइममुळे तयार होतं आणि काही औषधं नेमकं तेच अडवतात. नैराश्यावरचं पॅरॉक्सेटिन त्यातलंच, आणि गंमत म्हणजे ते तुम्हाला येतात तशा घाम फोडणाऱ्या गरम झळांवरही दिलं जातं! म्हणून कुठलंही औषध सुरू करताना 'टॅमॉक्सिफेन घेते' हे आधी सांगा. झळांसाठी व्हेनलाफॅक्सिन किंवा रात्री गॅबापेंटिन चालेल का, टॅमॉक्सिफेन सकाळी घेऊ का, हे तुमच्या डॉक्टरांना विचारा. टॅमॉक्सिफेन मनानेच बंद मात्र करू नका.

आता हिशेब बघा. अंथरुणात ९ तास, झोप ५. उरलेले ४ तास पलंगाला जागरणाचीच सवय लावतात. लवकर आडवं होणं हा उपाय वाटतो, पण दुखणं तिथेच आहे. उठायची वेळ ६, रविवारीही. झोपायला जायचं १२.३० ला. साडेपाच तासांच्या खाली जाऊ नका. आठवडाभर रोज अंदाजे किती झोपलात ते लिहा. अंथरुणातल्या वेळेच्या ८५ टक्के झोप लागली, की १५ मिनिटं आधी जा. पहिले दोन आठवडे दिवसा पेंग येईल, तेव्हा गाडी चालवू नका. फिट्स किंवा बायपोलर आजार असेल तर हा प्रयोग डॉक्टरांशिवाय नको. दुपारची डुलकी बंद. अगदीच राहवलं नाही तर ३ च्या आत, २० मिनिटं.

२ ला जाग आली तर? सुती गाऊन उशाशीच ठेवा, जाड पांघरुणाऐवजी दोन पातळ घ्या. घड्याळ भिंतीकडे वळवा. वीसेक मिनिटं झाली असं वाटलं की उठा, मंद उजेडात कपडे घड्या घालण्यासारखं काहीतरी कंटाळवाणं करा, डोळे जड झाले की परत या. मोबाइल नको.

पुन्हा उलटण्याची भीती खरी आहे, तिला हाकलू नका. संध्याकाळी १५ मिनिटं वही घेऊन बसा, शंका लिहा, पुढच्या तपासणीची तारीखही. हे सगळं करून सहा आठवड्यांत फरक पडला नाही, घोरताना श्वास अडतो असं घरचे म्हणाले किंवा रात्री पाय सतत हलवावेसे वाटले, तर तपासणी हवी. पायांसाठी फेरिटिनही, म्हणजे रक्ततपासणीतून लोहाचा साठा, बघायला सांगा.