स्कायवर पहिली शॉर्टफिल्म? आधी हे वाचा

स्कॉटलंडच्या स्काय बेटावर शूट करायचं असेल तर पटकथेआधी वाऱ्याचा अंदाज बघा. क्विराँग, ओल्ड मॅन ऑफ स्टोर, नीस्ट पॉइंट, ही तिन्ही ठिकाणं उघड्यावर आहेत. ट्रायपॉडचे पाय पूर्ण लांबीपर्यंत ओढू नका, मधला दांडा खालीच ठेवा. वजनाची पिशवी लटकवलीत तर ती जमिनीला टेकू द्या. अधांतरी राहिली की झुलते आणि फ्रेम हलवते. माइकला केसाळ कव्हर हवंच, नुसता फोम इथे कुचकामी.

नीस्ट पॉइंटला समुद्राचे तुषार लेन्सवर बसतात. कोरड्या कापडाने घासलंत तर मिठाचे कण कोटिंगवर ओरखडे काढतील. म्हणून लेन्सपुढे साधा यूव्ही फिल्टर, म्हणजे संरक्षक काच, लावा. आधी गोड्या पाण्याने ओलसर केलेलं कापड हलकेच टेकवा, मग पुसा.

ढग दहा मिनिटांत उजेड बदलतात. म्हणून वाइड शॉट आधी उरका. क्लोज-अपला मागे पांढरं आभाळ आलं तरी चालतं, छत्री धरूनही जमतं. जूनमध्ये दिवस साडेसतरा तासांहून मोठा, डिसेंबरमध्ये सातहून लहान. पण उन्हाळ्यात वारा पडला की मिज नावाची चिलटं तुटून पडतात, संध्याकाळी जास्तच. नटांसाठी डोक्यावरून घ्यायच्या जाळ्या न्या.

एकच गाडी मावेल अशा अरुंद रस्त्यांवरच्या पासिंग प्लेसमध्ये गाडी लावू नका, ती समोरच्याला वाट देण्यासाठी असते. स्कायला मुख्य भूमीवरून पूल आहे. पुढे हॅरिस बेटावर जायचं तर मात्र फेरी बोट, आणि ती वाऱ्यामुळे रद्द होते. एक दिवस मोकळा ठेवाच.