चर्चमधले सगळेच फादर 'पॅरिश प्रीस्ट' असतात का? आणि त्यांना हाक काय मारायची?

तुमच्या मित्राला लग्नासाठी 'पॅरिश प्रीस्टचं पत्र आणा' असं सांगितलंय आणि त्याच्या चर्चमध्ये फादर तर तीन आहेत, मग नेमकं कोणाकडे जायचं, असा तुमचा प्रश्न आहे. मी वसईची, कॅथलिक, त्यामुळे आमच्याकडे जसं चालतं तसं सांगते.

ज्यांची गुरुदीक्षा, म्हणजे धर्मगुरू होण्याचा विधी, झालीय ते सगळेच फादर. कॉलेजात शिकवणारे जेझुइट नावाच्या संघाचे धर्मगुरू सुद्धा फादरच, पण त्यांच्याकडे पॅरिश असेलच असं नाही. पॅरिश प्रीस्ट ही बिशपांनी केलेली नेमणूक असते, म्हणजे एवढा भाग, एवढी घरं आणि त्यातली सगळी माणसं आता तुमच्या जबाबदारीची. आमच्या वसईत पॅरिशला धर्मग्राम म्हणतात आणि त्यांना प्रमुख धर्मगुरू, बोलताना नुसतं पीपी. बाकीचे दोघं बहुतेक सहायक असतील. गोव्यात पीपींना पाद्र विगार म्हणतात आणि सहायकाला कूर, आणि गंमत बघा, फ्रान्समध्ये त्याच शब्दाचा भाऊ 'क्युरे' हा मात्र मुख्य फादरसाठी वापरतात.

मित्राने पीपींकडेच जायचं, किंवा चर्चच्या ऑफिसात अर्ज दिला तरी तो त्यांच्याकडेच जातो. आमच्या कॅथलिक चर्चचा 1983 चा कायदा आहे, त्याप्रमाणे पॅरिशमधलं लग्न लावायचा अधिकार बिशप आणि पीपींचा, दुसरे कोणी फादर लावणार असतील, अगदी नवरीचे सख्खे काका फादर असले तरी, त्यांना तशी परवानगी द्यावी लागते, आणि ती नसेल तर चर्चच्या नियमाने ते लग्न झालंच नाही असं धरतात. म्हणून त्या पत्राला एवढं महत्त्व.

माझ्या लग्नाच्या वेळी मी बाप्तिस्म्याचा दाखला आणायला गेले होते तेव्हा फादरनी कपाटातून ते जाडजूड रजिस्टर काढलं, पानं पिवळी पडलेली, बोट फिरवत फिरवत माझं नाव शोधलं आणि समास दाखवला, तो कोरा होता. म्हणाले, तुझं लग्न कुठेही झालं तरी ते चर्च आम्हाला कळवणार आणि आम्ही इथे तुझ्या नावापुढे लिहिणार. माझ्या मम्मीच्या नावापुढे तसं लिहिलेलं पण दाखवलं, शाई फिकी झालेली, पण वाचता येत होतं. म्हणूनच लग्नासाठी जुना दाखला चालत नाही, नवा काढावा लागतो. बाप्तिस्मा, लग्न, मृत्यू, या तिन्ही वह्या सांभाळायची जबाबदारी पीपींची.

पण हे झालं ऑफिसचं काम. त्यांचं खरं काम माणसं ओळखायची, आणि हे मी मनापासून सांगते. कायद्यातच लिहिलंय की त्यांनी घरोघरी जावं, लोकांची सुखदुःखं जाणून घ्यावी, आजारी आणि मरणाला टेकलेल्यांजवळ असावं. माझे आजोबा गेले त्या रात्री दोन वाजता फोन केला होता, धो धो पाऊस, आणि अर्ध्या तासात आमचे पीपी स्कूटरवर हजर. रेनकोट ओटीवर टाकला, खिशातून तेलाची छोटी डबी काढली, आजोबांच्या कपाळाला आणि हाताला तेल लावलं, प्रार्थना केली आणि मग कानाशी वाकून त्यांच्या केळीच्या वाडीचं काहीतरी बोलले. आजोबांनी डोळे उघडले. आधी चार वेळा घरी येऊन बसलेला माणूसच हे बोलू शकतो.

अजून एक गोष्ट आमच्यातल्या पण खूप जणांना माहीत नसते, दर रविवारी आणि मोठ्या सणाला पीपींनी एक मिस्सा, म्हणजे चर्चमधली मुख्य उपासना, फक्त आपल्या पॅरिशच्या लोकांसाठी अर्पण करायची असते, त्याचे कोणाकडून पैसे घ्यायचे नाहीत, चुकवायची पण नाही. हिशोबाला मदत करायला लोकांची फायनान्स कमिटी असते, आणि 75 वर्षं पूर्ण झाली की ते बिशपांकडे राजीनामा देतात.

पॅरिश प्रीस्टांचे आश्रयदाते संत म्हणजे जॉन व्हियानी. 1818 मध्ये फ्रान्समधल्या आर्स नावाच्या खेड्यात आले, अडीचशेसुद्धा वस्ती नसेल, आणि 1859 ला मरेपर्यंत तिथेच राहिले, लांबलांबून लोक त्यांच्याकडे कन्फेशनला, म्हणजे पापांची कबुली द्यायला, यायचे, दिवसाचे बारा-बारा तास ते कबुली ऐकायच्या त्या लाकडी खोक्यात बसून असायचे. 4 ऑगस्टला त्यांचा सण, त्या दिवशी आम्ही आमच्या फादरना फुलं देतो.

प्रोटेस्टंट मराठी मंडळींमध्ये पाळक किंवा रेव्हरंड म्हणतात, त्यांना लग्न करता येतं, आमच्या फादरना नाही. पाळक हा शब्द मला तर जास्त आवडतो, मेंढरं सांभाळणारा.

हाक मारताना फक्त 'फादर', पीपी असोत की सहायक. पत्रावर 'रेव्ह. फादर' लिहा. मित्राला सांगा की लग्नाच्या निदान तीन-चार महिने आधी जा, कारण लग्नाआधीचा कोर्स असतो आणि लग्नाची घोषणा चर्चमध्ये वाचून दाखवतात, त्याला वेळ लागतो.