रेकमधला वाटा : पोकर अफिलिएट साइटबद्दल वाचकांचे प्रश्न

प्रश्न : पोकर शिकवणारी आणि पोकर रूमची (पैसे लावून ऑनलाइन पोकर खेळवणाऱ्या साइटची) ओळख करून देणारी छोटी वेबसाइट काढायची आहे. पैसा थोडाच आहे, पण आठवड्याला दहा-बारा तास देता येतील. आधी डोमेन घ्यावं की अफिलिएट प्रोग्रॅममध्ये (आपल्या लिंकवरून रूमला खेळाडू मिळाला की कमिशन देणाऱ्या योजनेत) नाव नोंदवावं?

दोन्हींच्या आधीचं काम फुकटात होतं. तुम्ही राहता तिथला आणि तुमचा वाचक राहणार तिथला, असे दोन्ही कायदे वाचून काढा. भारतात 2025च्या ऑनलाइन गेमिंग कायद्याने पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांबरोबर त्यांच्या जाहिरातीवरही बंदी आणली, आणि कमिशनची लिंक ही जाहिरातच असते. अमेरिकेत राज्याराज्यांत नियम बदलतात. न्यू जर्सीत तर अफिलिएटलाही राज्याच्या नियामकाकडे नोंदणी किंवा परवाना काढावा लागतो. ब्रिटनमध्ये अफिलिएटने लिहिलेल्या मजकुराबद्दल परवानाधारक कंपनीला जाब द्यावा लागतो, त्यामुळे तुमच्या एका बेफिकीर वाक्यापायी ती करार मोडू शकते. हे प्रकरण किती महागात पडतं ते 15 एप्रिल 2011 रोजी दिसलं. त्या दिवशी अमेरिकी सरकारने पोकरस्टार्स, फुल टिल्ट आणि अ‍ॅब्सोल्यूट पोकर यांची डोमेन ताब्यात घेतली. ज्या अफिलिएट साइटचे सगळे खेळाडू अमेरिकेतले होते, त्यांचा झराच आटला.

जिथे बंदी आहे तिथे रूमच्या लिंकचा विचार सोडा. आडवाटेने, दुसऱ्याच्या नावाने वगैरे काही करू नका. साइट निव्वळ शिकवणारी ठेवून पुस्तकं आणि सरावाची सॉफ्टवेअर यांच्या अफिलिएट लिंकवर ती चालवता येते. उत्पन्न कमी, पण झोप शांत.

कायद्याची वाट मोकळी असेल तर क्रम असा : डोमेन, होस्टिंग, बारा ते पंधरा पक्की पानं, आणि मग अर्ज. प्रोग्रॅमची माणसं अर्जासोबत दिलेली साइट उघडून पाहतात. रिकामी दिसली की नकार येतो. डोमेनच्या नावात कोणत्याही रूमचं नाव घालू नका, ट्रेडमार्कवरून ते हातचं जातं. कोणीतरी सोडून दिलेलं जुनं डोमेन त्याच्या लिंकच्या मोहाने घेण्याची युक्तीही आता उलटते. मार्च 2024पासून गूगलने ती स्पॅममध्ये मोजायला सुरुवात केली आहे.

बजेटचे दहा भाग करा. तीन भाग डोमेन आणि साध्या शेअर्ड होस्टिंगला. चार भाग अशा एका गोष्टीला जी तुम्हाला स्वतःला जमत नाही, म्हणजे कॅल्क्युलेटरचं कोडिंग, आकृत्या किंवा मजकुराची तपासणी. उरलेले तीन राखून ठेवा, कारण होस्टिंगचा पहिल्या वर्षाचा दर आमिषाचा असतो आणि नूतनीकरणाला तो बराच चढतो. थीम फुकटची चालते. लोगोवर खर्च करू नका. होस्टिंग घेण्याआधी त्या कंपनीच्या वापराच्या अटींमध्ये जुगाराचा उल्लेख शोधा. काही कंपन्यांना असा मजकूर चालत नाही आणि तक्रार आली की त्या खातं बंद करतात. ईमेल पाठवणाऱ्या सेवांचंही तसंच.

प्रश्न : एक प्रोग्रॅम 30 टक्के रेव्हेन्यू शेअर (कमाईतला वाटा) देतो, दुसरा दर खेळाडूमागे ठरावीक रक्कम. कोणता घ्यावा?

आधी हे 30 टक्के कशाचे ते विचारा. पोकरमध्ये खेळाडू एकमेकांकडून जिंकतात-हरतात. रूमची कमाई म्हणजे प्रत्येक पॉटमधून (डावात जमलेल्या पैशांतून) ती कापून घेते तो हिस्सा, म्हणजे रेक, आणि टूर्नामेंटची फी. तुमचा वाटा त्यातून येतो, पण कापाकापी झाल्यावर. समजा, तुमच्या खेळाडूने महिन्यात 100 डॉलर रेक भरली. रूमने त्यातून बोनस आणि बक्षिसांचे 30 आणि पैशांची देवाणघेवाण, कर, प्रशासन यांचे 15 वजा केले. उरले 55. त्याचे 30 टक्के म्हणजे 16.50 डॉलर. म्हणून 25 टक्के देणारा पण कमी कापणारा प्रोग्रॅम पुष्कळदा सरस ठरतो. वजावटींची यादी करारात नसेल तर लेखी मागून घ्या.

दुसरी मेख त्याहून खोल आहे आणि नवखे तिच्याकडे बघतही नाहीत : एका पॉटची रेक कोणत्या खेळाडूच्या नावावर लागते? सहा जणांच्या टेबलावर 3 डॉलर रेक निघाली असं धरा. पत्ते मिळालेल्या सगळ्यांत ती सारखी वाटली तर प्रत्येकाच्या नावावर 50 सेंट लागतात, पत्ते टाकून दिलेल्याच्याही. पण पॉटमध्ये घातलेल्या पैशांच्या प्रमाणात वाटली, आणि दोघांनीच सारखे पैसे घातलेले असले, तर त्या दोघांच्या नावावर दीड-दीड डॉलर आणि बाकी चौघे शून्य. आता तुमचा वाचक कोण ते आठवा. डावपेचांचे लेख वाचणारा माणूस बहुतेक पत्ते टाकून देतो, मोजक्याच डावांत उतरतो. दुसऱ्या पद्धतीत त्याच्या नावावर रेक कमी लागते आणि तुमचा वाटाही तेवढा आक्रसतो. डावपेच शिकवणाऱ्या साइटने हा प्रश्न टक्केवारीच्याही आधी विचारावा.

ठरावीक रकमेच्या करारात सगळा खेळ ‘पात्र खेळाडू’ या व्याख्येत असतो. नुसतं खातं उघडून भागत नाही. किमान डिपॉझिट आणि त्यावर अमुक इतकी रेक, तीही ठरावीक दिवसांत, अशी अट असते. डिपॉझिट करून फ्रीरोलच (प्रवेश फी नसलेल्या टूर्नामेंट) खेळत बसलेला खेळाडू मोजला जात नाही. आमचं मत विचाराल तर पहिलं वर्ष ठरावीक रक्कम घ्या, कारण दोन-चार खेळाडूंच्या रेकमधून होस्टिंगचाही खर्च निघत नाही. नियमित खेळणारे येऊ लागले की रेव्हेन्यू शेअरची बोलणी करा.

सही करण्याआधी करारात आणखी तीन गोष्टी शोधा : या महिन्याची तूट (वजावटींनंतर उणे झालेला हिशेब) पुढच्या महिन्यात ओढली जाते का, काही महिने नवा खेळाडू आणला नाही तर जुन्यांचं कमिशन थांबतं का, आणि किमान किती रक्कम साठल्यावर पैसे मिळतात. दुसऱ्या अटीचं उत्तर ‘हो’ असेल तर छोट्या साइटने तो करार करू नये.

प्रश्न : साइटवर चाळीस लेख आहेत, लोक येतात, लिंकवर क्लिकही होतात, पण खाती जवळजवळ शून्य. चूक कुठे आहे?

दोन ठिकाणी असू शकते. पहिली जागा ट्रॅकिंगची. वाचक मोबाइलवर लिंक दाबतो, मग अ‍ॅप वेगळं उतरवतो आणि मधल्या मध्ये कुकीचा (तो कोणत्या लिंकवरून आला हे लक्षात ठेवणाऱ्या ब्राउझरमधल्या नोंदीचा) धागा तुटतो. यावर उपाय म्हणजे प्रोग्रॅमकडून तुमचा स्वतःचा साइनअप कोड मागणं आणि तो लिंकशेजारी ठळक छापणं. बाहेर जाणाऱ्या सगळ्या लिंक तुमच्याच डोमेनवरच्या एका रीडायरेक्टमधून (वाचकाला पुढे धाडणाऱ्या पत्त्यावरून) न्या, म्हणजे क्लिकची मोजदाद तुमच्याकडेही राहील, आणि लिंकच्या कोडमध्ये rel=‘sponsored’ ही खूण लावा, म्हणजे ही पैशांची लिंक आहे हे शोधयंत्राला कळतं. दर पानाला वेगळा सबआयडी (क्लिक कोणत्या पानावरून आला ते सांगणारी लिंकमधली खूण) द्या. महिनाअखेरीस तुमचे आकडे आणि प्रोग्रॅमचा अहवाल शेजारी ठेवून पाहा. थोडा फरक राहतोच, निम्म्याने फरक असेल तर पत्र लिहा. चाचणी म्हणून स्वतःच्याच लिंकवरून खातं मात्र उघडू नका. बहुतेक करारांत त्याला मनाई असते.

दुसरी जागा लेखांची. ‘फ्लश मोठा की स्ट्रेट’ हे शोधत आलेला माणूस मित्रांसोबतच्या डावातला वाद मिटवायला आलेला असतो. उत्तर मिळालं की तो निघाला. असे लेख पाच पुरेत. त्यापेक्षा एकच खेळ आणि एकच पातळी धरा, उदाहरणार्थ कमी रकमेचे ओमाहा (हातात चार पत्ते घेऊन खेळायचा पोकरचा प्रकार) टेबल किंवा छोट्या सिट-अँड-गो (ठरलेले खेळाडू जमताच सुरू होणाऱ्या) टूर्नामेंट. मग त्या वाचकाला लागणारं सगळं द्या : कोणत्या रूमवर तो खेळ कोणत्या वेळी भरलेला असतो, रेक किती टक्के आणि तिची कमाल मर्यादा किती, पैसे काढायला किती दिवस लागतात. ही माहिती स्वतः बघून, तारखेसकट लिहा. मोठ्या साइट इथेच आळशी असतात.

कॅल्क्युलेटरचं एक पान दहा लेखांचं काम करतं, पण गणित चोख हवं. पॉटमध्ये 100 आहेत, समोरच्याने 50 लावले, तुम्हाला 50 घालून एकूण 200च्या पॉटसाठी लढायचं आहे, म्हणजे निदान 25 टक्के संधी हवी. फ्लॉपवर (टेबलावर पहिले तीन सामाईक पत्ते उघडल्यावर) फ्लश ड्रॉ, म्हणजे एकाच चिन्हाचे चार पत्ते जमून पाचव्याची वाट, असताना नऊ पत्ते कामाचे असतात. टर्नवर (चौथ्या सामाईक पत्त्यावर) फ्लश लागण्याची शक्यता 47पैकी 9, म्हणजे सुमारे 19 टक्के. टर्न आणि रिव्हर (पाचवा, शेवटचा पत्ता) मिळून ती सुमारे 35 टक्के होते. पुष्कळ लेख इथे 35चा आकडा वापरून ‘कॉल करा’ सांगतात आणि टर्नवर पुन्हा पैसे मागितले जातील हे विसरतात. जाणकार वाचक अशी एक चूक पाहतो आणि परत येत नाही.

प्रश्न : जाहिराती देऊन वाचक आणले तर?

नको. जुगाराशी संबंधित जाहिरातींना गूगल आणि मेटा दोघांकडेही आधी परवानगी काढावी लागते. ती मिळाली तरी या शब्दांवर बोली लावणाऱ्या मोठ्या कंपन्यांपुढे छोटं बजेट टिकत नाही. रूमच्या नावावर बोली लावायला तर बहुतेक करारांतच बंदी असते.

प्रश्न : माझ्या कमिशनमधला काही भाग खेळाडूंना परत दिला तर जास्त लोक येतील ना?

येतील, आणि करार जाईल. रेकबॅक (भरलेल्या रेकचा खेळाडूला परत मिळणारा भाग) कोणी द्यायचं हे रूम ठरवते. बऱ्याच रूमना अफिलिएटने परस्पर पैसे वाटलेले चालत नाहीत, आणि पकडलं गेल्यावर साठलेलं कमिशनही गोठवलं जातं. त्याऐवजी रूमचा अधिकृत बोनस नीट समजावून सांगा : तो एकरकमी मिळतो की रेक भरत जाल तसा हप्त्यांनी सुटतो, मुदत किती, मुदत संपल्यावर उरलेल्याचं काय होतं. वयाची अट आणि ही लिंक कमिशनची आहे हे त्याच पानावर, लिंकच्या वर लिहा. ‘पोकरवर घर चालवा’ छापाचं वाक्य कुठेही राहिलं असेल तर आजच काढून टाका. प्रोग्रॅमचे तपासनीस नेमकी तीच वाक्यं शोधत असतात, आणि बहुतेक खेळाडूंच्या बाबतीत रेक वजा जाता ते खरंही नसतं.