सिएरा परत आली, लो-रेंजचं काय?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: जुन्या टाटा सिएराच्या प्रेमात होतात, नवी आवडली, मग ऑफरोडिंगवाले तिला बघून नाक का मुरडतात? जुनं नाव परत आणताना त्यांना नेमकं हवं तरी काय असतं?

जुन्या सिएराच्या मागच्या बाजूच्या वळणदार काचेसाठी कुणी अडून बसलेलं नाही. १९९१ ची सिएरा टेल्कोलाइन पिकअपच्या लॅडर फ्रेमवर, म्हणजे शिडीसारख्या वेगळ्या सांगाड्यावर, उभी होती आणि तिच्यात फोर बाय फोरही मिळायची. नोव्हेंबर २०२५ मध्ये आलेली सिएरा मोनोकॉक (सांगाडा आणि बॉडी एकच) आहे आणि तिची फक्त पुढची चाकं ओढतात. मोनोकॉक असणं हा गुन्हा नव्हे. २०२० ची लँड रोव्हर डिफेंडरही मोनोकॉकच, पण तिने लो-रेंज, म्हणजे वेग कमी करून जोर वाढवणारे जादा गिअर, सोडली नाही. नव्या सिएरात ती नाही, दुखणं तिथे आहे.

पहिल्या गिअरमध्ये, पाय ॲक्सिलरेटरवर नसताना, गाडी ताशी ७ किमीने सरकते असं धरा. ट्रान्सफर केसची (पुढच्या-मागच्या चाकांना जोर वाटणाऱ्या गिअरपेटीची) लो-रेंज अडीच पट असेल तर तीच गाडी तीनच्या आतबाहेर रांगते आणि चाकावरचा जोर अडीच पट होतो. सुट्या दगडांच्या चढावर हाफ क्लच करावा लागत नाही, उतारावर ब्रेक तापत नाहीत. लो-रेंज नसलेल्या गाडीत त्याच चढावर दोनच पर्याय उरतात: क्लच प्लेट जाळा किंवा वेग घेऊन आपटा आणि इंजिनखालचं ऑइलचं चेंबर फोडून घ्या. ड्युअल क्लच ऑटोमॅटिकचं दुखणं तेच. कूर्मगतीने चढताना आतले क्लच घसरत राहतात, तापतात आणि डॅशबोर्डवर दिवा लागतो. मग गाडी उभी करून थंड होईपर्यंत थांबा. क्लचऐवजी तेलातून जोर पोचवणारी टॉर्क कन्व्हर्टरवाली ऑटोमॅटिक हे बरंच सोसते.

दुसरी मागणी मागच्या ॲक्सलला डिफ लॉक, म्हणजे दोन्ही चाकं एकत्र फिरवणारी कडी. चर तिरका ओलांडताना पुढचं एक आणि मागचं विरुद्ध बाजूचं चाक हवेत जातं. साधा डिफरन्शियल (डाव्या-उजव्या चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारी गिअरची जोडणी) सगळी फिरकी त्या लटकलेल्या चाकांना देतो आणि टेकलेली चाकं ढिम्म. ब्रेक लावून फिरणारं चाक धरणारी इलेक्ट्रॉनिक यंत्रणा काम करते, पण चाक आधी फिरू द्यावं लागतं. म्हणजे ॲक्सिलरेटर न सोडता थोडा धीर धरायचा, आणि नवखे नेमके तेव्हाच पाय काढतात. यांत्रिक लॉकला ही मिनतवारी लागत नाही. मारुती जिम्नीत हा लॉक नाही, पण पुढेमागे सॉलिड ॲक्सल (दोन्ही चाकं जोडणारा एकसंध दांडा) असल्याने तिची चाकं सहजी जमीन सोडत नाहीत. हॅरिअर ईव्हीसारख्या दोन इलेक्ट्रिक मोटर असलेल्या गाडीला लो-रेंजची उणीव कमी भासते, कारण मोटर शून्य वेगापासूनच जोर देते. ही वाट सिएराला साजेशी आहे, असं माझं मत.

तिसरी मागणी लहान रिम आणि उंच टायरची, पण कंपन्यांचा मार्केटिंग विभाग ऐकतच नाही. हिशोब सोपा आहे. 'थार'च्या १६ इंची रिमवर २४५/७५ चा टायर असतो, म्हणजे साइडवॉल (टायरच्या बाजूची उंची) २४५ मिमी रुंदीच्या ७५ टक्के, १८४ मिमी. १८ इंचीवर २५५/६५, म्हणजे १६६. आणि १९ इंची रिमवर २२५/५५ बसवला तर उरतात १२४ मिमी. हवा कमी करायला जागाच नाही; टोकदार दगडावर रिम वाकते आणि साइडवॉल चिरते. उंच साइडवॉल असेल तर दगडधोंड्यांत २० पीएसआयपर्यंत उतरता येतं, वाळूत १५ पर्यंत. त्याखाली वळण घेताना टायर रिमवरून निसटतो. काळ्या मातीत मात्र हवा कमी करूनही फार फरक पडत नाही. ऑल टेरेन टायरच्या खाचा दोन फेऱ्यांत लिंपून जातात, तिथे खोल, रुंद खाचांचा मड टेरेनच हवा. स्टेपनी पूर्ण मापाची हवी, हे वेगळं सांगायला नको.

छोट्या गोष्टींपैकी एकीवर तडजोड नको: पुढेमागे चासीला बोल्टने घट्ट बसवलेले ओढायचे हुक. बंपरमधल्या भोकात फिरवून बसवायची कडी सपाट रस्त्यावर बंद गाडी ओढण्यापुरती असते. काइनेटिक रोपचा (रुतलेली गाडी हिसक्याने काढायच्या ताणल्या जाणाऱ्या दोराचा) हिसका तिला सोसवत नाही. टो-बॉलला (ट्रेलर जोडायच्या मागच्या गोळ्याला) दोर कधीच अडकवू नका. बॉल तुटला तर तोफगोळ्यासारखा उडतो.

हे सगळं कंपनीकडूनच का हवं? बाहेरून बदल करणं कायद्यात अवघड झालंय. डिसेंबर २०१७ पासून बाजारातले बुल बार (बंपरपुढचे लोखंडी कठडे) बेकायदा आहेत, उंची वा टायरचं माप बदललं तर आरटीओ आणि विमा दोन्हीकडे प्रश्न उभे राहतात. म्हणून काढून ठेवता येणारा बंपर, खालची स्टीलची प्लेट, छोटी रिम हे अधिकृत ॲक्सेसरीच्या यादीत असावं, एवढीच अपेक्षा.

आता तुमच्यापुरतं. किल्ल्याच्या पायथ्याच्या गावापर्यंत, कोरड्या मुरमाच्या रस्त्याने, पुढच्या चाकांवरची सिएरा खुशाल न्या. शक्य असेल तर लहान रिमवाला व्हेरियंट घ्या आणि बॅटरीला थेट चिमटे लावून चालणारा कंप्रेसर ठेवा. लायटरच्या सॉकेटवर चालवलात तर फ्यूज उडेल. ओल्या चढावर पुढची चाकं घसरायला लागली की तिथेच थांबा आणि रिव्हर्सने खाली या. चढावर वजन मागे सरकतं आणि ओढणारी चाकं पुढे, त्यामुळे जोर लावून ते जमणार नाही.