पिठाची विरी गेली तर

पोरी,

भाकर थापता थापता फाटते म्हणून दोन दिवस ब्रेडवर काढलेस, हे वाचून हसू आलं आणि रागही आला. हात तुझा चांगला आहे, विरी, म्हणजे चिकटपणा, पिठाची गेलीय. ज्वारीत गव्हासारखा चिवटपणा मुळातच नसतो, त्यात दळण जुनं. आधण उकळू दे, पिठात थोडं थोडं ओत, चमच्याने हलवून झाकून ठेव. हाताला सोसवलं की मळ. उकळत्या पाण्याने पीठ फुगून चिकट होतं. तरीही फाटलीच, तर कांदा, सांभार म्हणजे कोथिंबीर, तिखट आणि मूठभर बेसन घाल आणि सरळ तव्यावर थालीपीठ थाप. ठरवलेला पदार्थ होत नसेल तर पातेल्यात जे आहे त्याचं काय होईल ते बघायचं, एवढं एकच मी तुला शिकवू शकते.

वरण शिजत नाही म्हणतेस. खोलीवर बोअरचं पाणी आहे ना? जड पाण्यात डाळ हटून बसते, डाळ जुनी असली तर आणखीच. प्यायच्या पाण्यात शिजव, नाहीतर चिमूटभर खायचा सोडा टाक. चिंच, टोमॅटो मात्र डाळ मऊ झाल्यावरच. आंबट आधी पडलं की दाणा कडकच राहतो.

मीठ जास्त झालं की बटाटा टाक, असं सगळे सांगतात. बटाटा आपल्यापुरतं मीठ पितो, बाकीचं तिथंच राहतं. त्यापेक्षा बिनमिठाचं वरण त्यात मिसळ आणि एक वाटी शेजारी दे.

एका ठिकाणी मात्र जुगाड नको. आपल्याकडे विदर्भात मे महिन्यात पारा 45 च्या वर जातो. रात्रभर ओट्यावर राहिलेल्या भाताला सकाळी फोडणी द्यायची नाही, कितीही जीव तुटला तरी. त्यातल्या काही जंतूंचं विष पुन्हा गरम करूनही जात नाही. दूध तापवताना फाटलं आणि वास नुसता आंबूस असला, तर गाळून चोथा साखरेत आटव, पाण्यात कणीक मळ. वास कुजका किंवा चव कडू असेल तर मोरीत.

भाजी नसली की गोळाभात कर. बुधवार बाजार हुकला म्हणून उपाशी कशाला राहायचं? चणाडाळ चारेक तास भिजव. उन्हाळ्यात त्याहून जास्त नको, आंबते. पाणी पूर्ण निथळून भरड वाट. हळद, तिखट, मीठ, जिरं, थोडं कडकडीत तेल घालून मुठीत दाबून गोळे वळ. भातातलं पाणी आटत आलं की वर ठेव, झाकण लाव, आच मंद. गोळा वळत नसेल तर वाटण सैल झालंय, दोन चमचे बेसन घाल. फारच सैल असेल तर गोळ्यांचा नाद सोड, हिंग-मोहरीच्या फोडणीत परत, वाटली डाळ झाली. आणि भातात गोळे फुटले? हलक्या हाताने मोकळं करून वाढ, कोणी विचारणार नाही. वरून तेलात हिंग आणि लाल मिरच्या तडतडवून ओत, हात आखडू नकोस. कोरडा गोळाभात घशाखाली उतरत नाही.

सोबत चिंचेचं सार हवंच. कॉटन मार्केटला गेलीस तर चिंच जास्तच घे. आमसुलाचं सार करून पाहिलं मी, मला नाही पटलं.

तुझी मावशी